फुफ्फुस माझं, सही कुणाची?

३ नोव्हें., सोम.
सीटी स्कॅनचा रिपोर्ट. उजवं फुफ्फुस, वरच्या खंडात गाठ, दोन सें.मी., कडा काटेरी. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. काटेरी कडा वाईट, एवढं कळतं. छातीचा डॉक्टर, कोवळा पोरगा, माझ्याकडे न बघताच, "आजी, सोबत कोण आहे?" म्हटलं, "फुफ्फुस माझं आहे, मला सांगा." हसला. "बायॉप्सी करू. नातेवाईक घेऊन या."

४ नोव्हें.
रोहितला टोरांटोला फोन. मीटिंगमध्ये. "आई, पीडीएफ पाठव." पाठवला. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या. पोटच्या पोराकडून एवढंच.

६ नोव्हें.
सुईने गाठीचा तुकडा काढायचा, तर फॉर्मवर नातेवाइकाची सही हवीच. माझी एकटीची चालत नाही म्हणे! यांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना कुठून आणू? शेवटी कांताला विचारलं. बारा वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते, कामठीहून येते. "काहून टेन्शन घेता बाई? मी आहो ना."

८ नोव्हें., शनि.
बायॉप्सी झाली. दुखलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना. माझं पेन अडलं. कांता म्हणाली, "बहीण लिहा ना." लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टरांनी खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या होत्या. सुवाच्य अक्षरात 'बहीण' लिहिलं.

१५ नोव्हें., शनि.
संताप. रिपोर्ट सांगायला डॉक्टरने *कांताला* आत बोलावलं. मी बाहेर बाकावर, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. पाच मिनिटांनी बाहेर आली.
"काय म्हणाला?"
"काही नाही जी. साधी गाठ हाय म्हने. चला, ऑटो पाहू."
या बाईला खोटं बोलताच येत नाही. दूध उतू गेलं तरी तोंडावर दिसतं. परत फिरून त्या डॉक्टर पोराला झाडायला हवं होतं. फिरले नाही. का, ते लिहीत नाही. रिपोर्ट तिच्या पिशवीत. ऑटोत तिने माझा हात धरला. सोडवला नाही.

१६ नोव्हें., रवि.
दिवसभर फोन वाजला नाही. चारला दार वाजलं. कांता.
"आज सुट्टी ना गं तुझी?"
"अशीच आली."
स्वयंपाकघरात गेलीच नाही. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा.
"बाई, रोहितदादाले फोन लावून द्या. त्यायले सांगाचं हाय."
"आधी मला."
तिने पिशवीत हात घातला.
"तुमी बसा आधी."