कमलचा कान

बेलापूर, मंगळवार, १९७१

आज संध्याकाळी शेखचाचा माझी तयारी बघायला घरी आले. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. मला हौशी रेडिओचा परवाना मिळावा म्हणून दोन महिने मोर्स ही तारेची लिपी शिकवताहेत. ते तारयंत्राची किल्ली दाबत होते, मी ऐकून अक्षरं लिहीत होतो. एफ आणि एलमध्ये पुन्हा अडकलो. हायस्कुलात विज्ञान शिकवतो मी!

तेवढ्यात चुलीपुढून कमल म्हणाली, "अवो, ह्यो कट्ट कट्ट कडा कट्ट हाय. मघाचा येगळा हुता."

चाचांनी मुद्दाम दोन्ही उलटसुलट वाजवले. तिनं भाकरी थापत सगळे बरोबर सांगितले. तिला इंग्रजी अक्षर एक येत नाही, नुसता आवाज ओळखते.

"भाभी, हा तर तारबाबूचा कान आहे," चाचा म्हणाले.

मी म्हणालो, "भाकरी करपतेय." करपत नव्हती. मग का बोललो?

चाचा गेल्यावर तिनं ताटं वाढली. जेवणं झाल्यावर मी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"मला कुटं येतंय?"

"तुला येतं. मला येत नाही. वाजव, मी 'ह्यो' की 'मघाचा' ते ओळखतो. आणि ती भाकरी करपली नव्हती."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि वाजवायला बसली. माझे तीन चुकले, ते तिनं लगेच सांगितले. शेवटचाही चुकला असावा. पण ती म्हणाली, "बराबर." मी पुन्हा विचारलं नाही.