कपड्यांसकट वजन

५ जाने., सोम.
सोपानने आज अंगणवाडीत तिसऱ्यांदा ताटली भिरकावली. पाच घास बरा खातो, मग पोटापाशी शर्ट मुठीत धरून उभा राहतो आणि भोकाड पसरतो. खाली बसवलं की ताठ होतो. काय झालं रे? "न्हाई." कुठं दुखतंय? "न्हाई." सव्वातीन वर्षांचं पोर, शब्द मोजून वीस, त्यातल्या निम्म्या शिव्या. माझी मदतनीस छबूबाई म्हणते, आईची याद करायलाय. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गेले. दोन महिने पोरगा चाटूनपुसून खात होता, आठवण आताच कशी आली? छबूबाईला डोकं चालवायचा कंटाळा.

संध्याकाळी हापशावर त्याची आजी भेटली, कौसाबाई. विचारलं तर म्हणे, "तुमची खिचडीच खारट. घरी तरी कुठं पुरी भाकर खायलंय." म्हणजे घरीही खात नाही, आणि दोष माझ्या मिठाला!

७ जाने., बुध.
पालमला मीटिंग. जाता-येता एस.टी.त उभी. पर्यवेक्षिका मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं. "लेकरू खात नाही तर कारण भरा ना." मोबाईलमध्ये कारणं तीनच. आजार, स्थलांतर, इतर. मॅडमनी शेवटचं मूल कडेवर कधी घेतलं असेल देव जाणे. 'इतर' भरलं.

९ जाने., शुक्र.
सो.ला उपकेंद्रात नेलं. सिस्टरने घसा, कान, डोळे पाहिले. शर्टाला हात लावला तर कडकडून चावला. राहू द्या, थंडीपण आहे, म्हणाली. जंताची गोळी देऊन मोकळी. येताना कडेवर घेतलं तर किंचाळला. अर्धा कि.मी. चालत आला, पाय फाकवून, म्हाताऱ्यासारखा.

म्हातारी मारते त्याला. दुसरं काय असणार? हातपाय तपासले, वळ नाही. मारणारे दिसेल तिथं मारत नसतात.

१२ जाने., सोम.
वजनं. सो. बारा किलो सहाशे. दिवाळीत अकराला टेकला नव्हता. न खाणारं पोर वाढतं कसं? अंगात स्वेटर, आत शर्ट, त्याच्या आत अजून एक. कपडे काढून तोलायचं असतं, माहीत आहे. नोव्हेंबरपासून मी कपड्यांसकटच घेते. बावीस पोरांचं काढा-घाला कोण करत बसणार? आणि आकडा जास्त आलेला मॅडमनाही गोड लागतो.

कौ. न्यायला आली, तेव्हा चार बायांसमोर बोलून गेले. "मारता का लेकराला?" अशी वळली की बायाच मागं सरकल्या. "तुमी पगारावर लेकरं संभाळता बाई, आमी जिवावर संभाळतो. पुन्हा असं तोंड उघडलं तर बघा." बघीन, म्हटलं. अजिबात वाईट वाटलं नाही.

१७ जाने., शनि.
अंगणवाडीत बोरन्हाण. सतरंजीवर पोरं बसवली, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. सगळी वेचायला तुटून पडली. सो. एकटा उभा. एक बोर त्याच्या गळ्यातून शर्टात गेलं, खाली चड्डीपाशी अडकलं, आणि तो असा ओरडला की बाकीची पोरंही रडायला लागली. छबूबाईनं हात धरले, मी शर्ट वर केला.

कमरेचा काळा करदोडा. मांसात रुतलेला. दोरा दिसतच नव्हता, नुसती ओली लाल रेघ, तिच्यावर हळद. पोट रिकामं असेतोवर सोसायचा. पाच घास गेले, पोट फुगलं की दोरा आत. बसलं की अजून आत. हे त्यानं वीस शब्दांत कसं सांगायचं?

कौ.ला बोलावून घेतलं. कात्री पाहताच तिनं माझं मनगट धरलं.

"सुनंचा हाय त्यो. गाडीत बसताना सात गाठी मारल्या तिनं. म्हनली, मी आल्यावर मीच सोडीन, तवर ह्यो लेकराला राखंल."

"अन् ही जखम?"

"रोज हळद लावायले की!"

"आंधळ्या आहात का?" ओरडलेच मी. हात हिसकावून दोरा कापला. सो. हुंदके देत खाली बसला, दोरा उचलला आणि मुठीत धरला. कुणाला देईना. कौ. त्याला ओढतच घेऊन गेली, जाताना दारात थुंकली.

१८ जाने., रवि.
आंधळी कोण?

डिसेंबरात एकदा, फक्त एकदा शर्ट काढला असता तर...

कौसाबाईचा राग आहेच. पण काल तिला जे ओरडले ते सगळं आज मला लागू पडतंय, आणि स्वतःची मला शिसारी येतेय.

२१ जाने., बुध.
सो. आलाच नाही. सिस्टर घरी जाऊन मलम लावून आली. मला त्या गल्लीतून जायची चोरी, बाया तोंड फिरवतात. बाईनं लेकराची राखण तोडली, असं झालंय.

दुपारी अनोळखी फोन. सोपानची आई, उसाच्या फडावरून. मागं ट्रॅक्टर घरघरत होता. शिव्या खायची तयारी ठेवली.

"बाई, दोरा तोडला म्हने तुमी."

हो म्हटलं, फार घट्ट झाला होता.

"म्या तर दोन बोटं जातील इतका ढिला बांधला व्हता." मग नुसता ट्रॅक्टर. मग हळूच, "म्हंजे लय वाढलं का वो माजं लेकरू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किती किलोचं झालंय?"

तीन महिने दर महिन्याला तोललं मी त्याला, आणि सांगायला खरा आकडा नाही. दोन दिवसांत सांगते म्हणाले.

२३ जाने., शुक्र.
बाकीची एकवीस पोरं कपडे उतरवून पुन्हा तोलली. सगळीच नोंदीपेक्षा कमी भरली, नऊ तर अर्ध्या किलोहून जास्त. तसंच भरलं. तासाभरात मॅडमचा फोन, "हे काय नवीन?" नवीन नाही, जुनंच आहे, म्हटलं आणि फोन ठेवला. बसू दे ओरडत.

संध्याकाळी काटा घेऊन कौ.च्या दारात गेले. दार अर्धं उघडलं. "आता काय तोडायचं ऱ्हायलंय?"

चुकलं म्हणायला गेले होते. ते ओठांतच राहिलं. "त्याच्या आईला वजन सांगायचंय," एवढंच निघालं.

तिच्या मागं सोपान दिसला. मनगटाला तोच दोरा सैल गुंडाळलेला, हातात भाकरी. मांडी घालून बसला होता. मांडी घालून!

कौ.नं मला पाहिलं, काट्याला पाहिलं आणि दार लावून घेतलं. अंधार पडेतोवर ओट्यावर बसले. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, दार उघडलं नाही. काटा तिथंच ओट्यावर ठेवून आले. नव्या वजनांत सोपानचा रकाना कोराच आहे.