ऑलविनचा डावा हात

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
ऑलविननं लापशीचं पातेलं फेकून मारलं. डाव्या कपाळावर. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे. तरुणपणी मी जत्रेच्या तंबूत बॉक्सिंग करायचो, उसाच्या मळ्यांतले दांडगे गडी यायचे अंगावर, पण या जागी एकाचाही ठोसा बसला नव्हता. ऐंशीच्या बायकोचा बसला. खरं सांगतो, अभिमान वाटला. शेजारच्या डेस्लीला सांगितलं, कपाटाचं दार लागलं.
निश्चय: उद्यापासून लापशी हातभर अंतरावरून.

४ मार्च.
अंतर ठेवलं. चमचा फेकला. अंतराचा उपयोग नाही.
टाउन्सव्हिल शहरातून लेकीचा, ग्लेनिसचा फोन. म्हणाली, डॅड, आईसाठी सरकार घरी माणूस देतं, रोज, आंघोळीला, जेवणाला. पण आधी तपासणीवाली बाई येऊन बघते, तिला पटलं पाहिजे. आणि नाहीच मिळालं तर आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, तुझ्याच्यानं हे होणार नाही. मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षं संसार केलाय, मी जिवंत असेपर्यंत ती या घराचा उंबरा ओलांडणार नाही. माणूस तर मिळवतोच. अर्जातल्या प्रश्नांना माणसं घाबरतात, मी नाही घाबरत.
ग्लेनिसनं फोनवरच अर्ज भरून घेतला. एक प्रश्न होता: त्या कधी मारहाण करतात का? मी ‘नाही’ लिहायला लावलं. मारहाण परके लोक करतात. हा घरचा मामला आहे.

९ मार्च, रविवार.
आंघोळ. मनगटाला चावली. रक्त. मग साबणदाणी, मग कोपर. मला ओळखलं नाही, चोर समजली. ‘क्लॅरी! अरे क्लॅरी, धाव रे, घरात कोण मेला शिरलाय बघ!’ इतक्या जिवाच्या आकांतानं हाक मारत होती की मी धावूनच जाणार होतो. पण मी तिथेच होतो, टॉवेल घेऊन.
फार वाईट वाटलं. नंतर बिस्किटं खाल्ली.
लांब बाह्यांचे शर्ट बाहेर काढले.

१८ मार्च.
तपासणी पुढच्या बुधवारी. ग्लेनिसनं बजावलंय, चांगला दिवस सांगू नकोस, सगळ्यात वाईट दिवस सांग. सोपं आहे. आरशापुढे तालीम केली: ‘बाई, माझी बायको मला मारते.’ तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज जरा गेला. सर्दी असावी.

२५ मार्च, मंगळवार.
उद्या बाई येणार. घर घासूनपुसून लख्ख केलं. किटली लागून भिंतीला खड्डा पडला होता, त्यावर लग्नाचा फोटो टांगला. ऑलविनचा निळा झगा इस्त्री केला. तिचे केस विंचरताना बरगडीत एक डावा ठोसा बसला. फार सफाईदार. पाच मिनिटं श्वास येईना.
उद्या सगळं सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२६ मार्च. दुपारी २.
तपासणीवाली जॅसिंटा, तिशीची, हसरी. ऑलविन दारापर्यंत गेली! ‘ये गं बाई, उन्हातून आलीस, बस.’ चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. डेस्लीनं दिलेले भोपळ्याचे केक स्वतः केलेत म्हणून सांगितलं. साल कोणतं, विचारलं तर म्हणाली, ‘या वयात साल कोण मोजतं? तू मोज, तुझं लग्न व्हायचंय.’ जॅसिंटा खो खो हसली. मीही हसलो. वर्षभरात असली ऑलविन बघितली नव्हती.
मग स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठलं. कपाळाला काय झालं? कपाटाचं दार. मनगटाला? कुत्रा चावला. बाई कुत्रा शोधायला लागली. म्हटलं, मेला. मग तिनं सरळच विचारलं, ‘क्लॅरी, त्या तुम्हाला मारतात का?’
बाहेरच्या खोलीत ऑलविन गुणगुणत होती.
मी म्हटलं, ‘अहो, तिनं जन्मात मुंगी मारलेली नाही.’ एकट्याला झेपतं का? ‘आरामात.’ खुर्ची एका हातानं उचलून दाखवली.
गाडी वळते न वळते तोच चहाची किटली आली. मी खाली वाकलो. पाय अजून चपळ आहेत.

१४ एप्रिल.
पत्र आलं. मंजूर! आठवड्याला दोन तास झाडलोट. ग्लेनिस फोनवर किंचाळली, ‘डॅड, तू तिला सांगितलंस तरी काय?’ सुरुवात तर झाली. हिवाळा संपला की, सप्टेंबरात, फेरतपासणी मागेन, तेव्हा सगळं सांगेन.

१ मे.
झाडायला मुलगी आली. ऑलविननं तिच्याच झाडूनं तिला फाटकापर्यंत पिटाळलं. तक्रारीच्या कागदावर मी लिहून दिलं, झाडू निसटला. मुलगी परत येणार नाही म्हणते. हल्लीच्या पोरींत दम नाही.

२० मे. हॉस्पिटल.
डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट आणि खुबा मोडला. मागच्या पायऱ्या. ऑलविननं ढकललं. म्हणजे ढकललं नाही, घाईत होती.
डेस्ली येईपर्यंत गवतात माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाल कुरवाळत होती. ‘कुणी मारलं तुला, क्लॅरी? नाव सांग, जीव घेते त्याचा.’
ओळखलंन् मला.

५ जून.
जॅसिंटा इथे आली. सगळं सांगितलं. पातेलं, चावे, बरगडी, झाडू, पायऱ्या. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, ‘हे मार्चमध्ये सांगितलं असतंत तर रोज दोन माणसं दिली असती, क्लॅरी.’ ऑलविनला ग्लेनिसनं टाउन्सव्हिलच्या वृद्धाश्रमात नेलंय. आता घरी पाठवणार नाहीत.
मी बरा झालो की आणतो. बघतोच कोण अडवतं.

२४ जुलै. घर.
मला वॉकरशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत. सरकारी माणूस मंजूर झाला. मला. रोज सकाळी रोंडा येते, आंघोळ घालते, मोजे चढवते. हात फार हलका आहे.
रविवारी ग्लेनिस तिकडे घेऊन गेली होती. ऑलविननं माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणाली, ‘लांबून आलात का?’ दुसरा हात मांडीवर शांत पडला होता. औषधं देतात.
आज रोंडाला तिचा महिन्याचा कागद भरायचा होता. विचारलं, घरी काही त्रास? या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं, दोन महिने झाले, मला कुणी मारलेलं नाही.
‘अरे वा, छान की,’ म्हणाली, आणि ‘त्रास नाही’ असं लिहून घेतलं.