हिरवी पट्टी

१४ मे, अकोला
पंचेचाळीस डिग्री! कूलरच्या टाकीत पाय सोडून बसले होते. वच्छला मावशी ओरडली — "काहून वं करिश्मा, तुहा पाय कूलरात? आमी त्याचीच हवा खातो!" पायाच्या अंगठ्याची जखम धारणीला फिरायला गेले तेव्हाची. जीप थांबायच्या आधीच खडीवर उडी मारली. गार पाण्यात ठणका थांबतो. रोज बसणार.

१७ मे
पट्टी हिरवी झाली! मोरपंखी म्हणावी अशी. वास द्राक्षांसारखा, गोड, सडका. या रंगाची ओढणी वरूडच्या बाजारात पाहिली होती, तेव्हाच घ्यायची. डॉक्टर देवश्री मॅडमनी पू तपासायला पाठवला.

२० मे
जंतू सापडला. स्युडोमोनास. मॅडम म्हणाल्या, साचलेल्या पाण्यात असतो, कूलरातही. "पण धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. शरीर आधीच कमजोर असेल तर शिरतो. शुगर तपासू या."
कमजोर? मी? संत्र्यांची दोन-दोन कॅरेट उचलते मी!
मावशी मध्येच — "नोका मॅडम. शुगर निघाली तं पोरीले कोन करन?"
म्हटलं, लग्नही नको अन् सुईही नको. गोळ्या घेतल्या, उठले.

२१ मे
मावशीला न सांगता मैत्रिणीकडे जायला अमरावतीची एसटी धरली. मूर्तिजापूरला उगाच उतरले, शकुंतला रेल्वे बघायला. गाडी बंद. रुळात बाभळी. लंगडत परत स्टँडवर. अंगठा काळा पडत चाललाय. पाय गेला तर हे उगाच उतरणंही गेलं! नाही जाऊ देणार.

२३ मे, अमरावती
बिल्कीसच्या घरी. वरूडला दोघी सोबत संत्री भरायचो. तिचा अर्धा माठ मीच संपवला.
"किती पानी पेतं वं? माह्या अब्बूले शुगर निघाली तवा असंच होतं."
अब्बूंचं मशीन आणलं, माझं बोट धरलं, टोचलं. ४१२.
"खराब हाये तुहं मशीन!"
तिनं सुई बदलली, स्वतःचं बोट टोचलं. ९८.
मग तिनं दवाखान्यात जायला ऑटो बोलावला.

२५ मे
अंगठा काढला. पाय वाचला. ऑपरेशनच्या कागदावर सही माझीच.
मावशी फोनवर — "शुगरचं कोनाले सांगू नोको." फोन ठेवला अन् शेजारच्या खाटेवरच्या लीलाबाईंना सांगून टाकलं — मले शुगर हाये!
अंगठ्याची चप्पल आता बंद. बूट घेईन. बुटात लांब जाता येतं.