माहेरच्या नावाचं कार्ड

आई, पुढच्या महिन्यात मी वाचनालयातून निवृत्त होतेय. आज कपाट आवरताना ती आठ कार्डं सापडली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मलकापूरच्या आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता, तेव्हा मी मोठ्या हौसेनं भिंतीवर एक प्रदर्शन मांडलं होतं. एकाच नावाच्या नामवंत बायका. तीन राण्या, एक जहागीरदारीण, चार लेखिका. अक्षर वळणदार, माहिती चोख. तुझं माहेरचं नावही तेच, म्हणून तर ते मला सुचलं होतं. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

तू दुसरबीडहून एसटीनं आलीस, ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून. चष्मा पुसून तू एकेक कार्ड वाचतेयस, ओठ हलताहेत. "माह्या नावाच्या एवढ्या बाया होऊन गेल्या, मले कोनी सांगतलंच नाही," म्हणालीस. मग पिशवीत हात घालून जरा घुटमळलीस. "मी बी तं लिवलं होतं एक. छापून आलं होतं. कोपऱ्यात लावता येईन काय वं?"

लग्नाआधी तुझी एक गोष्ट बायकांच्या मासिकात आली होती, माहेरच्या नावानं. पुढे लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं फक्त मामाच्या तोंडी उरलं. मला सगळं ठाऊक होतं. पण शेजारी अध्यक्ष उभे, पाहुणे येताहेत, आणि तुझं ते "लिवलं". मला लाज वाटली, आई. मी ग्रंथपालाच्या शुद्ध आवाजात म्हटलं, "ते नाव आता तुझं कुठे आहे? नोंदींचे नियम असतात."

"हाव, ते बी खरंच हाय," म्हणालीस आणि पिशवीचे बंद बांधलेस. चहा घेतलास, माझ्या साडीचं कौतुक केलंस, दुपारच्या गाडीनं परत गेलीस. तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

नियम कसले डोंबलाचे! त्या तीन राण्यांतल्या एकीला ते नाव सासरीच मिळालं होतं. जिला लग्नात मिळालं तिला मी भिंतीवर जागा दिली. जिचं लग्नात गेलं तिला नाही. आणि हे मला त्याच वेळी ठाऊक होतं, त्या राणीचं कार्ड मीच लिहिलं होतं.

तू वारल्यावर वहिनीनं तुझी पेटी आवरली. मासिक कुठे गेलं तिला माहीत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. आज नववं कार्ड घेतलं. वर तुझं माहेरचं नाव, खाली जन्मगाव सुलतानपूर. पुढे गोष्टीचं नाव आणि विषय लिहायचा होता, तिथे पेन थांबलं.

मी बारावीत होते. भाकरी थापता थापता तू विचारलंस, "वाचली काय वं माही गोष्ट?" मासिक आठवडाभर माझ्या उशाशी पडलेलं. मी म्हटलं, "हाव, लय मस्त हाय." तू पिठाच्या हातानं माझा गाल धरलास, तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं.

हे पत्र त्या अर्धवट कार्डामागे ठेवून खण लावून घेते. मी ती वाचलीच नव्हती, आई.