पूल सोडून कुएन्का

९ नोव्हेंबर, रविवार
दुपारी सासूबाईंकडे जेवण. भात संपत आला तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, की आठ डिसेंबरला मला ऐंशी पूर्ण होतात, मला भेटवस्तू नकोत, कपाटं भरलीत, मला कुएन्काला न्या. माहेर त्यांचं. दोन रात्री राहायचं आणि वाढदिवसाला दरीपलीकडच्या जुन्या मठात जेवायचं. मठाचं आता हॉटेल झालंय. पूर्वी तिथे त्यांचा भाऊ शिकायला होता, त्याच्यासाठी त्या डबा घेऊन पुलावरून जायच्या. आताही पुलावरूनच जायचं. चालत. आणि जावईबापूंच्या हाताला धरून.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अगदी आनंदाने. मग ठसका लागला. वाइन जरा आंबट होती.

पूल मला माहीत आहे. लोखंडी. पायाखाली लाकडी फळ्या, फळ्यांमध्ये फटी, फटींतून दरी. मी तो एकदा लांबून पाहिलाय आणि तेवढं मला पुरेसं आहे.

इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो: मी, एवारिस्तो, उंचीला घाबरत नाही. माझ्या कानाच्या आत काहीतरी नाजूक आहे. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ट्रिपचा सगळा प्लॅन मी करणार, असं सांगून टाकलं. बायको, एन्कार्ना, बघतच राहिली. संसाराच्या बावीस वर्षांत मी एकही प्लॅन केलेला नाही. पण जो प्लॅन करतो तोच रस्ता ठरवतो, हे बायकांच्या लक्षात येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
हे सगळं लेकीसाठी, हिमेनासाठी. नाहीतर सरळ सांगितलं असतं, की कानाचा त्रास आहे.

उन्हाळ्यात आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचा अलार्म वाजला तेव्हा मी मोठा पाना घेऊन एकटा खाली गेलो होतो. मांजर निघालं. पण हिमेनाने वर्गात सांगितलं, की माझे बाबा कुणालाच घाबरत नाहीत. अकरा वर्षांची पोर. मला रस्त्यात तिच्या मैत्रिणी आदराने नमस्कार करतात. त्या पोरीच्या डोळ्यांत मी जेवढा मोठा आहे तेवढा दुसरीकडे कुठेच नाही, आमच्या अल्बासेते गावच्या व्यापारी संघातसुद्धा नाही. तिच्यासमोर त्या पुलावर माझी बोबडी वळली तर संपलंच.

प्लॅन: पूल सोडून बाकीचं सगळं कुएन्का.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सराव सुरू. दुकान बंद केल्यावर शिडी लावली. वरचा बल्ब गेलाय, तो बदलण्याचं निमित्त. दुसऱ्या पायरीपर्यंत उत्तम चढलो. तिथे फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून उतरलो. वाजला नव्हता, पण वाजू शकला असता, आणि गिऱ्हाईक महत्त्वाचं.

शिडीचा डावा पाय थोडा हलतो. शिड्या आपणच विकतो, तेव्हा ही गोष्ट बाहेर जाता कामा नये.

१६ नोव्हेंबर, रविवार
जेवताना प्लॅन सादर केला. कॅथेड्रल, दोन संग्रहालयं, बाजार. वाढदिवसाला खालच्या रस्त्याने गाडी थेट मठाच्या दारात. सामान असतं, थंडी असते, सासूबाईंचे गुडघे असतात.

रुफिनो, माझा मेहुणा, पाव मोडत म्हणाला, दाजी, जेवायला जायचंय, सामान कसलं? सासूबाई म्हणाल्या, गुडघे माझे आहेत, त्यांची काळजी तुम्ही कशाला करता, आणि मी काय बटाट्याचं पोतं आहे का गाडीतून दारात उतरवायला? पुलावरूनच जायचं. मग रुफिनो हळूच म्हणाला, दाजींना उंची सोसत नाही की काय.

मी हसलो. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ हसलो. सगळे थांबले तरी माझं चालूच होतं. आणि तोंडातून निघून गेलं, की माझं काही नाही हो, हिमेना घाबरते उंचीला. पोरीसाठी म्हणतोय.

हिमेनाने ताटातून मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, हो, मला भीती वाटते. खूप.

काय हे! मी सहज बोललो आणि नेमकं खरं निघालं. बापाला कळतंच. मे महिन्यात शाळेची सहल कुएन्कालाच गेली होती, तेव्हा घरी येऊन फक्त डायनासोरच्या हाडांचं सांगत बसली होती. पुलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मला तेव्हाच समजायला हवं होतं. बिचारी.

रुफिनो लगेच सुरू झाला: भित्री भागूबाई, भित्री भागूबाई. या माणसाला मुलांशी कसं वागावं कळत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पुलाचा व्हिडिओ पाहिला. कुणीतरी चालता चालता मोबाइल खाली धरलाय. अर्ध्या मिनिटात तळपायांना मुंग्या आल्या. मी खुर्चीत होतो, खुर्ची फरशीवर, फरशी तळमजल्याची. मोबाइल आणखी खाली असेल तर बरं पडेल म्हणून तो जमिनीवर ठेवून वरून पाहिला. फार मोठी चूक. एन्कार्नाने विचारलं, टेबलाला का धरून बसलायस? टेबल डुगडुगतंय, म्हणालो.

कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं. जात नाही, कारण ते तपासतील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
हिमेनाला समोर बसवून धीर दिला. खाली बघायचं नाही, समोरच्या भिंतीवरचा एक दगड निवडायचा, श्वास सोडत राहायचा. तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, बाबा, ती भीती सुरू कुठून होते?

मी सांगितलं, तळपायापासून. मग गुडघे साबणासारखे होतात. मग असं वाटतं, की आपण पडणार नाही आहोत, आपणच उडी मारणार आहोत, आणि ते सगळ्यात वाईट. मग कठडा आपल्याकडे सरकतो. कुठेतरी वाचलंय, असंही सांगितलं.

ती म्हणाली, मला अगदी अस्संच होतं. आणि माझ्या हातावर हात ठेवला. पोरीला बोलून मोकळं वाटलं असावं. मलाही जरा बरं वाटलं, बाप म्हणून.

३ डिसेंबर, बुधवार
हवामान खातं म्हणतं, स्वच्छ ऊन, वारा नाही. ज्या देशात दर सुट्टीला पाऊस पडतो तिथे नेमका यंदा नाही. काल चर्चमध्ये वादळासाठी मेणबत्ती लावली. फादरनी विचारलं, कुणासाठी? शेतकऱ्यांसाठी, म्हणालो.

दाढदुखीचा पर्याय होता. दातांच्या डॉक्टरांनी सगळं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, घोड्याचे दात आहेत तुमचे, मजा करा.

६ डिसेंबर, शनिवार. कुएन्का
पोचलो. हॉटेलच्या खोलीला बाल्कनी आहे. बाल्कनीच्या खाली काहीच नाही. मी पडदा ओढून घेतला. एन्कार्ना म्हणाली, अरे, या देखाव्यासाठी तर ही खोली घेतली. मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर येतंय. सूर्य दुसऱ्या बाजूला होता.

संध्याकाळी गावात फिरलो. मी भिंतीच्या बाजूने. रुफिनोने लॉटरीची तिकिटं घेतली, बाहेरगावच्या तिकिटाला बक्षीस लागतं म्हणून. हिमेना पूर्ण वेळ माझा हात धरून होती आणि नेहमी दरीच्या बाजूला चालत होती. घाबरणारं मूल त्या बाजूला का चालेल, हे विचारायचं राहून गेलं.

७ डिसेंबर, रविवार
दरीवर लटकलेली घरं पाहिली, म्हणजे त्यांचे दरवाजे पाहिले. कोपऱ्यावरून पूल दिसला. किती बारीक आहे. त्यावर माणसं उभी राहून फोटो काढत होती. त्यांना घरदार नसावं.

सासूबाई कोपऱ्यावर थांबून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, डबा गार होऊ नये म्हणून मी इथून पळायचे, जावईबापू. आता पळता येत नाही, म्हणून तुमचा हात.

जेवणात कलेजीचं वाटण पावावर. सगळ्यांनी दोनदा घेतलं. मी माझा पाव रुफिनोकडे सरकवला. उद्या हे सगळं आटोपलेलं असेल, असं स्वतःला सांगितलं. मग वाटलं, पण त्याआधी सकाळ आहे.

ठरलं. उद्या जाणार. समोरचा दगड निवडायचा, बस.

८ डिसेंबर, सोमवार. सासूबाईंचा वाढदिवस
ऊन. वारा नाही.

सासूबाईंनी केस सेट केलेले, जुना फरचा कोट घातलेला, लिपस्टिक. पुलाच्या तोंडाशी त्यांनी माझ्या कोपरात हात घातला. अगदी हलका हात. मी एक पाय फळीवर ठेवला. पूल थरथरतो. पलीकडून लोक चालत आले की ती थरथर इकडे आपल्या बुटात येते. फटीतून खाली झाडं दिसली, पालेभाजीच्या जुडीएवढी. दगड निवडायचा होता, पण समोरची सगळी भिंतच हलत होती.

पाय आपोआप मागे आला. हात दगडी खांबाला चिकटला. सासूबाई म्हणाल्या, चलायचं ना? मला हो म्हणायचं होतं.

तेवढ्यात हिमेना मागे पायरीवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, मी नाही येणार, मला खूप भीती वाटते, बाबा तुम्ही माझ्याजवळ थांबा. येणारे-जाणारे बघायला लागले. रुफिनो म्हणाला, झालं, भागूबाई बसली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खांबावरच्या माझ्या हाताकडे. आपला हात काढून घेतला. म्हणाल्या, पोरीला गाडीने घेऊन या, सूप गार होईल. आणि रुफिनोच्या हाताला धरून गेल्या. एन्कार्ना त्यांच्या मागे. मध्यावर पोचल्यावर सासूबाईंनी एकदा वळून पाहिलं.

बापाला मुलांसाठी त्याग करावा लागतो, आज मी तो केला. गाडीपर्यंत हिमेनाचा हात हातात घेऊन गेलो. हात थरथरत होता. दोघांपैकी नक्की कुणाचा, ते सांगता येणार नाही. तिचा कोरडा होता आणि गरम.

जेवण चांगलं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दुकानात मिलाग्रोसबाई आल्या होत्या, हिमेनाच्या वर्गशिक्षिका. शाळेतल्या नाताळच्या देखाव्यासाठी हुक हवे होते. मी सुट्टीचा विषय काढला, कुएन्काला गेलो होतो म्हणालो. बाई हुक मोजायच्या थांबल्या. म्हणाल्या, बापरे, त्या पुलावर तुमच्या लेकीने मे महिन्यात माझा जीव घेतला असता. पाच वेळा इकडून तिकडे पळाली. कठड्यावरून वाकून खाली थुंकत होती, थुंकी पडायला किती वेळ लागतो ते बघायला. ओरडून ओरडून माझा घसा बसला. भीती म्हणून नाही हो त्या पोरीला.

मी त्यांना हुकांऐवजी बिजागऱ्या दिल्या. त्यांनी बदलून घेतल्या.

त्या गेल्यावर खिळ्यांच्या खोक्यावर बसून राहिलो.

आज जास्त लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
सासूबाईंकडे जेवण. रुफिनोने हिमेनासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, भागूबाई, खुर्ची उंच नाही ना वाटत, की जमिनीवर वाढू? सगळे हसले. हिमेनाही हसली आणि पावाला लोणी लावत राहिली. तिला त्याचं काहीच नव्हतं. चार आठवडे ती हे ऐकतेय.

माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. तळमजल्यावर. मी उभा राहिलो, खुर्ची मागे पडली. गुडघे साबण. म्हणालो, ती घाबरत नाही. मी घाबरतो. कान-बिन काही नाही. शिडीवर घाबरतो, बाल्कनीत घाबरतो, पुलावर पाय ठेवला तेव्हा मला रडायला येत होतं. पोरीला कुणी काही म्हणायचं नाही.

एवढं बोललो आणि वाट पाहिली.

सासूबाई म्हणाल्या, माहीत आहे. बसा. भात निवतोय.

रुफिनो म्हणाला, दाजी, मी महिनाभर तुम्हालाच बोलत होतो, पोरीला कोण बोलतंय. एन्कार्ना म्हणाली, बावीस वर्षं घरातले बल्ब कोण बदलतं, अरे? आणि पाव माझ्याकडे सरकवला. मी खुर्ची उचलली आणि बसलो.

नंतर सासूबाईंना विचारलं, माहीत होतं तर माझाच हात का मागितलात? त्या भांडी गोळा करत होत्या. म्हणाल्या, रुफिनो मोबाइल बघत चालतो. मलाही त्या पुलावर लहानपणापासून भीती वाटते, जावईबापू. तुम्ही घट्ट धरलं असतंत.



एकटी हिमेना फुगून बसली होती. घरी येताना माझा हात धरला नाही, पुढे पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली आणि चिडून म्हणाली, कशाला सांगितलंत, बाबा? पुढच्या वेळीही मी घाबरले असते की.