दुधाची तपासणी, मुक्काम बॉथेल

बॉथेल, १९ जानेवारी २०२५

श्री. दिगंबररावांस,
मोरेश्वराचा स. न. वि. वि.

आज पहाटे अर्धवट झोपेत मला बाटल्यांची किणकिण ऐकू आली. दूधकेंद्रावर तारेच्या जाळीतल्या काचेच्या बाटल्या गाडीतून उतरवताना एकमेकींना लागायच्या, तीच. रांगेत मी शाळकरी पोरगा, मुठीत दुधाचं कार्ड, आणि त्या दिवशी वर्गात म्हणायची कविता ओठांवर घोळतेय. बाटलीच्या तोंडावरची चांदीच्या कागदाची टोपी आम्ही नखानं सपाट करून जपायचो. तुम्ही तर पुढे त्याच बाटल्यांच्या दुनियेत उभी नोकरी केलीत, तेव्हा तुम्हाला जास्त सांगायला नको.

डोळे उघडून स्वयंपाकघरात गेलो तर आवाज आपल्या स्वानंदीचा होता. लोणच्याची बरणी उघडेना म्हणून ती तिचं झाकण ओट्याच्या कडेवर आपटत होती. मी उघडून दिली. ती हसली आणि म्हणाली की बाबा, सकाळी माझे हात माझ्याबरोबर उठतच नाहीत.

व्याही, तुमची मुलगी माझी सून झाली तेव्हा ती शहाणी आहे एवढंच मला ठाऊक होतं. शूर आहे हे आता कळतंय. तुम्हाला आजाराचं नाव माहीत आहे, आपण आमवात म्हणतो तोच. शरीराच्या रक्षणाची फौज आपल्याच सांध्यांवर चालून जाते. औषधं चालू आहेत, गुणही थोडा आहे. पण तिचं काम प्रयोगशाळेतलं. हातात ते पिपेट, अंगठ्यानं दाबून थेंब थेंब मोजायचे, दिवसभर. साहेबीणबाईंनी गोडीत सांगितलंय की उन्हाळ्यापर्यंत बघू, नाहीतर टेबलावरचं काम घ्यावं लागेल. त्या दिवशी ती गाडी गॅरेजमध्ये लावून बराच वेळ आतच बसून होती.

म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून सहा आठवडे दूधदुभतं बंद करायचं ठरवलंय. बाई म्हणाल्या की काहींना फरक पडतो, काहींना मुळीच नाही, ठाम कुणीच सांगू शकत नाही. करून बघ, पण गोळ्यांना हात लावायचा नाही आणि कॅल्शियम वेगळं घ्यायचं. इतकी साधी गोष्ट. ती तिनं फोनवर तुम्हाला सांगितली, तर तुम्ही म्हणे फोन तिच्या भावाच्या, यतीनच्या हातात दिलात आणि उठून गेलात. तेव्हापासून रविवारचा फोन तुमच्याकडून येत नाही. तिनं माझ्याकडे तक्रार केलेली नाही. मीच रविवार मोजतो.

एक विनंती. तुमच्या हातचं तूप आणि तुमच्या गावचे, एडिसनचे पेढे यांचं अमेरिकेच्या त्या टोकावरून येणारं पार्सल सध्या नको.

सकाळी ती कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडते, मिटते. त्याला ठेका हवा म्हणून मला शाळेतल्या वृत्तांच्या चाली म्हणायला लावते. भुजंगप्रयात तिला फार मानवतो. लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु, आणि बोटं उमलत जातात. ते बघताना मला वाटतं, ही चाल बांधणाऱ्यानं इतका चांगला उपयोग कल्पनेतही आणला नसेल.

सौ. नीलाताईंना नमस्कार. आपल्या लोभावर साय धरलेली आहे, ती मोडू नये.

आपला,
मोरेश्वर


एडिसन, २ फेब्रुवारी २०२५

रा. रा. मोरेश्वरपंत यांस,
दिगंबरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कवितेचं सोडून बाकीचं दोनदा वाचलं.

आपण कवी माणसं, बाटल्यांची किणकिण ऐकून गहिवरता. त्या बाटल्यांत काय जातंय हे बघायला पहाटे चार वाजता गोठणाऱ्या हातानं लॅक्टोमीटर धरून मी उभा असायचो. पाणी घातलेला कॅन मी नुसत्या ओतण्याच्या आवाजावरून ओळखायचो. शाळाशाळांतून जाऊन सांगायचो की मुलांनो, दूध हे पूर्णान्न आहे. पोरं आधी टाळ्या वाजवायची आणि मग नाकं मुरडून पेला संपवायची. माझी स्वानंदीसुद्धा त्यातलीच. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून मी तिला पेलाभर दूध पाजलं. आता ती मला फोनवर सांगते की अप्पा, डेअरी बंद. म्हणजे मी पाजलेलंच तिच्या सांध्यांत जाऊन बसलं, असं म्हणायचंय का तिला? तसं असेल तर सरळ म्हणावं. मी फोन सोडून उठलो तो रागानं नव्हे, हे तुम्हाला म्हणून लिहितो. घरात सांगू नका.

आणि तुमच्या घरी हल्ली ओटचं दूध आणतात, असं यतीन सांगत होता. ओटला आचळं असतात का हो? कुठल्या बाजूनं पिळतात? आमच्या काळी पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून विकणाऱ्यावर आम्ही खटला भरायचो. इथे त्याला जास्त पैसे देतात.

शिवाय मला एक कळत नाही. औषधही चालू आणि दूधही बंद. उद्या हात सुटले तर श्रेय कुणाचं आणि ठपका कुणावर? अशी तपासणी मी शिकाऊ मुलालासुद्धा करू दिली नसती.

पार्सल पाठवणार नाही. तुपाची बरणी तयार होती, ती सौ.नं कपाटात आत सरकवली. ती आपल्याला नमस्कार सांगते. मी लेकीशी बोलत नाही म्हणून ती माझ्याशी कमी बोलते, त्यामुळे घरात शांतता आहे.

लोभ आहेच. त्यात पाणी घालू नये.

आपला,
दिगंबर


बॉथेल, ९ मार्च २०२५

श्री. दिगंबररावांस,
स. न. वि. वि.

आज तुम्हाला माझ्यावर हसायची पूर्ण मुभा आहे. व्याह्यांना अशी संधी वारंवार मिळत नाही.

सहा आठवडे संपले आणि फरक शून्य. स्वानंदीनं चहा काळा केला, दही सोडलं, पनीर सोडलं, ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकला हात लावला नाही. तरी सकाळी बोटं तशीच ताठ. मी मनात म्हटलं, चला, दिगंबररावांचं दूध निर्दोष सुटलं, आता रविवारचा फोन येईल.

शुक्रवारी ती संध्याकाळी डबा घासत होती. हातात अर्धी दशमी उरलेली. तिनं तिचा वास घेतला आणि मला विचारलं की बाबा, दशम्या इतक्या मऊ कशा राहतात? मी मोठ्या ऐटीत सांगितलं की अगं, कणीक निव्वळ दुधात भिजवतो, पाण्याचा थेंब नाही. माझी रत्ना गेल्यापासून डब्याचं काम माझ्याकडे आहे, आणि पोरीचं दूध बंद झालं, ती वाळेल, म्हणून मी रोज तिच्या डब्यात चार दशम्या घालत होतो. वर तूप लावून! दिगंबरराव, शपथेवर सांगतो, दूध बंद म्हणजे पेल्यातलं बंद, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दशमीतलं दूध मला दूध वाटलंच नाही. ती तर आपली दशमी.

तुमचा जावई ईशान कपाळाला हात लावून म्हणाला की बाबा, यू आर अनबिलिव्हेबल. आणि तुमची लेक? ती जमिनीवर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली की आमच्या लॅबमध्ये सगळं काचेच्या पेटीत ठेवतात, सॅम्पल बिघडू नये म्हणून. घरी माझा सासराच सॅम्पल बिघडवतो. एवढे दिवस फुकट गेले तिचे. उन्हाळा जवळ येतोय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एखादीनं ताट आपटलं असतं. ही उठली, हात पुसले आणि म्हणाली की उद्यापासून परत. फक्त दशम्या पाण्यात भिजवा, पण बंद करू नका.

मला रात्री जेवण गेलं नाही. ती मात्र दोन वेळा येऊन मला चिडवून गेली.

तुमचं श्रेय-ठपक्याचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं. घरात सांगू नका म्हणालात ते सोडून. ती ऐकून म्हणाली की अप्पा बरोबर बोलतायत. हे वाक्य मी जसंच्या तसं कळवतोय, कारण ते तुम्हाला ऐकायला मिळायला हवं.

माझ्या दशम्यांसकट मला पोटात घालावं.

आपला,
मोरेश्वर


एडिसन, २० मार्च २०२५

रा. रा. मोरेश्वरपंत यांस,
सा. न. वि. वि.

दशम्यांचं सौ.ला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिनं माझ्याशी असलेला अबोला विसरून मला दोनदा पाठीत मारलं. तुमचे उपकार आहेत.

आता मुद्द्याचं. तुम्हा दोघांच्या हातात ही तपासणी राहिली तर वर्ष जाईल आणि निकाल लागायचा नाही. मी सांगतो तसं करा. आधी एप्रिल महिना सगळं दूधदुभतं खरोखर बंद, दशम्यांसकट. मग मेमध्ये तिनं रोज सकाळ-संध्याकाळ एक पेला प्यायचा. दोन आठवडे त्यात खरं दूध, दोन आठवडे तुमचं ते ओटचं पाणी. आधी कुठलं आणि मग कुठलं, ते तिला कळता कामा नये आणि तुम्हालाही नाही, कारण तुमचं तोंड कवीचं आहे. पेला ईशाननं भरायचा. सुंठ, वेलदोडा, हळद आणि गूळ इतका घालायचा की दुधाच्या आईलाही तिचं लेकरू ओळखू येऊ नये. औषध, झोप, जेवण, सगळं होतं तसंच. सकाळी बोटं किती वेळानं सुटली ते तिनं रोज सांगायचं. शेवटी ईशाननं तोंड उघडायचं.

मात्र आधी तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर नको.

हे मी दुधाचा वकील म्हणून लिहीत नाही. नोकरीत असताना माझ्या सख्ख्या मामांच्या सोसायटीचं दूध एकदा नासकं निघालं. मी सगळे कॅन परत पाठवले. मामी वर्षभर आमच्याकडे जेवली नाही. पण तपासणी म्हणजे तपासणी. निकाल काय लागेल याची मला भीती वाटते, हे खरं. तरी तो हवा. पोरीनं अंदाजावर हातातलं काम सोडावं, हे मला चालणार नाही.

तिला म्हणावं, मुठी मिटताना अंगठा बाहेर ठेव.

मायेची आच मंद ठेवावी, म्हणजे उतू जात नाही.

आपला,
दिगंबर


बॉथेल, १ जून २०२५

श्री. दिगंबररावांस,
स. न. वि. वि.

सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा.

डॉक्टरीणबाईंनी तुमची योजना ऐकली आणि खूप हसल्या. तुझे वडील नोकरी शोधतायत का, असं त्यांनी स्वानंदीला विचारलं म्हणे. मग गंभीर होऊन परवानगी दिली. महिनाभर ती तुमचा तो काढा नाक दाबून प्यायली. चवीबद्दल तिनं जे उद्गार काढले ते मी लिहीत नाही, आपलं नातं नाजूक आहे. ईशान एखाद्या मंत्र्यासारखा गुप्तता पाळून होता. मी त्याला आडून आडून विचारलं, तर त्यानं मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. बोटं चहा होईपर्यंत सुटायची, एका सकाळी तर पहिल्या कडव्यालाच सुटली. नंतरच्या आठवड्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मनगटं भरून आली. अंगठी निघेना. भुजंगप्रयात दोनदा, तीनदा म्हणावा लागला. माझा घसा बसला पण मुठी पुऱ्या मिटेनात. तरी ती रोज पेला संपवत होती. मी म्हटलं की पुरे आता, थांब. ती म्हणाली की अप्पांनी मामांचे कॅन परत पाठवले होते, मी चार दिवस राहिले असताना थांबू का?

गुरुवारी ईशाननं सांगितलं. पहिलं ओटचं होतं, नंतरचं दूध.

दिगंबरराव, हे गोड करून लिहिता आलं असतं. पण तुम्हाला पाणी घातलेलं चालत नाही, म्हणून निव्वळ लिहिलं. बाईंचं म्हणणंही तसंच कळवतो. ही एका माणसाची, एका महिन्याची गोष्ट आहे. दुसऱ्याला दूध खुशाल चालेल. तिनं सध्या दूध बाजूला ठेवावं, दह्याचं पुढे वेगळं बघू. आजार दुधानं झालेला नाही, कुणीही पाजलेल्या दुधानं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी विचारलं म्हणून दोनदा. खरा भार औषधांनीच उचललाय. दुधाचा फरक थोडाच आहे, पण त्या थोड्यावरच तिचं पिपेट अडलं होतं. साहेबीणबाईंना ती परवा भेटली, आणि टेबलावरचं काम नको असं आता तिनं स्वतःहून सांगितलंय. प्रयोगशाळेतली जागा तिचीच राहिली.

निकाल ऐकल्यावर ती आनंदली असेल असं तुम्हाला वाटेल. ती आधी म्हणाली की आता अप्पांना कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत फोन हातात घेऊन फिरत होती आणि लावत नव्हती. शेवटी मीच म्हटलं की मी लिहितो. शाळेत आम्हाला वीरांच्या कविता शिकवल्या, सगळ्या तलवारीच्या. नाक दाबून पेला पिणाऱ्या मुलीवर आणि आपल्या जन्माच्या धंद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या बापावर कुणी लिहिलं नाही. मला लिहिता येत नाही, नाहीतर

मधेच थांबलो. बेल वाजली. पार्सलवाला असेल म्हणून मी उठलो नाही, स्वानंदीनं दार उघडलं. आणि व्याही, टेबलापाशी बसून मला दिसतंय की दारात तुम्ही उभे आहात. खांद्याला एकच पिशवी, स्वेटर उलटा घातलेला, एकटे. ती अप्पा एवढंच म्हणाली. तुम्ही दुधाबद्दल विचारलं नाहीत. निकाल लागला का, तेही नाही. बूटसुद्धा न काढता उंबऱ्यावरच तिचे दोन्ही हात हातात घेतलेत आणि एकेक बोट दाबून बघताय, आणि ती बघू देतेय.